आवतण कापलं गेलं तेव्हा

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. पनवेलच्या लाइन आळीत, एका कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर पडलेला मी एक जुना संगणक आहे. कुठल्या मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला नाही. २००५ साली कुमार नावाच्या माणसाने कुठून डबा आणला, कुठून पंखा, कुठून डिस्क, आणि सतरंजीवर बसून मला जोडलं. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा त्याने नारळ फोडला आणि पाणी माझ्यावरच शिंपडलं. विजेच्या वस्तूवर पाणी! पण वाचलो.

माझं काम आवाज कापण्याचं. भिंतींना गाद्या ठोकून कुमारने माळ्याचा स्टुडिओ केला होता. माइकसमोर कुणी गायलं की तो आवाज माझ्या पडद्यावर लांबलचक पट्टी होऊन उमटायचा. जोरात गायलं की पट्टी फुगायची, थांबलं की दोऱ्याएवढी बारीक व्हायची. कुमार माउसने ती कापायचा, सरकवायचा, जोडायचा. खोकला काढ, चुकलेली ओळ काढ, न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या ट्रकचा हॉर्न काढ. लोक म्हणायचे, "कुमारशेट, काय साफ आवाज आलाय!" कौतुक त्याचं व्हायचं. तापायचो मी.

हे साफ आवाजाचं वेड मला कधीच पटलं नाही, तोंडावर सांगतो. माणूस गाताना श्वास घेतो. तोही काढून टाकायचा, तर मग माणूस बोलावता कशाला? पण मला विचारतंय कोण?

एकदा कामोठ्याचा धनेश त्याच्या आत्याला घेऊन आला. तिचं नाव गंगाबाई. आगरी लग्नात विधीची गाणी म्हणायला बाई लागते, त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि तिला धवलारीण. गंगाबाई धवलारीण होती. धनेशला तिच्या हळदीच्या धवल्याखाली ढोलकी आणि कीबोर्ड टाकून नाचायची सीडी करायची होती.

गंगाबाईने आधी आवतण दिलं. म्हणजे देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हळदीला बोलावलं. ते झाल्यावर कुमार म्हणाला, "आत्या, आता थांबा. पाणी प्या. गाणं वेगळं घेऊ."

"नाय रं बाबा. बोलवाचा नि पाठ फिरवून पानी पियाचा? येकाच दमान व्हईल."

आणि तिने थांबायचं नाव न घेता धवला सुरू केला. सगळं एकाच फायलीत माझ्याकडे आलं.

ती घरी गेल्यावर धनेश खुर्चीत रेलला. कानाला मोबाइल, डोळे छताकडे. "ही सुरुवातीची बडबड उडव रे. पोरं काय नावांवर नाचणार?"

कुमारने उडवली. त्या बडबडीत एक नाव भगवान होतं. भगवान म्हणजे आदल्या वर्षी वारलेला धनेशचा बाप! पोराने ऐकलंसुद्धा नाही. मला असा राग आला! पण राग दाखवायला माझ्याकडे फक्त एक पंखा आहे. तो फिरवला.

पुढे माझी डिस्क भरली. कुमारने आवाज कापायच्या प्रोग्रॅमला सांगितलं, कुठल्याच गाण्यात वापरात नसतील त्या फायली पुसून टाक. पुष्कळ गेल्या. मग चकचकीत लॅपटॉप आला, तयार गाणी तेवढी त्यात गेली आणि मी कोपऱ्यात. दसऱ्याला हार, बाकी वर्षभर धूळ. माझ्या डोक्यावर लोक चहाचे ग्लास ठेवायचे. मी कधी काम केलं होतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आणि मग धनेशच्या बहिणीचं, दीपिकाचं लग्न ठरलं. नेमकं त्याच वेळी गंगाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाणं तर सोडाच, बोलायलाही बंदी केली. घरच्यांनी ठरवलं, हळदीला सीडी वाजवू. हळद उद्यावर आली असताना दुपारी धनेश, दीपिका आणि गंगाबाई जिना चढून आली. कुमारने गाणं लावलं. धाडकन ढोलकी सुरू झाली. गंगाबाईने जोरजोरात हात हलवला. नाही, नाही. दीपिकाला लगेच कळलं.

"दादा, आवतण कुठाय? आत्याने बाबांना बोलावलं होतं. तिनेच मला सांगितलंय."

धनेश कुमारकडे बघू लागला. कुमार म्हणाला, "यानेच काढायला सांगितलं."

"तू बाबांना कापलंस?"

"मला काय माहीत त्यात बाबा होते!"

"ऐकलं असतंस तर कळलं असतं. मोबाइल सुटतो कुठे कानापासून!" दीपिकाचा आवाज फाटला. "आवतण नाय तर मी हळदीला बसणार नाय."

"अगं, दुसरी धवलारीण आणतो."

"आण. दहा आण. पण बाबांना त्यांच्या बहिणीने बोलावलेलं मला पाहिजे."

तेव्हा कुठे त्यांना माझी आठवण झाली. ग्लास उचलले, धूळ झटकली, बटण दाबलं. मी सुरू होईना. कुमारने डब्यावर थाप मारली. मित्रांनो, अशी थाप मारू नये, पण त्या दिवशी मी ती सोसली आणि घरघरत उठलो.

कुमार घामाघूम झाला होता. पुसायची आज्ञा त्यानेच दिली होती ना! पण कापणं म्हणजे पुसणं नव्हे. कापलेला तुकडा मी फक्त पडद्यावर झाकतो. आणि पुसतो त्या पूर्ण बिनकामाच्या फायली. या फायलीतला धवला तर सीडीच्या गाण्यात वापरलेला होता. त्यामुळे ती अख्खी शिल्लक होती. कुमारने पट्टीची कड माउसने धरली आणि डावीकडे ओढली. झाकलेला आवाज सरसर उलगडला.

"भगवानदादा, घरा हलद हाय रं. ये. मांडवान बस."

दीपिका माझ्या पडद्याजवळ सरकली. रडली, आणि रडता रडता हसली. धनेश हळूच म्हणाला, "परत लाव." गंगाबाईने त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. डॉक्टरांची बंदी बोलायला होती, मारायला नव्हती. मग तिनेच त्याला जवळ ओढलं.

कुमार म्हणाला, "इथे श्वास जरा मोठा आलाय. काढू का?"

"माउसला हात लावायचा नाय!" दीपिका ओरडली.

माझा जीव भांड्यात पडला.

तर मित्रांनो, एवढंच सांगतो. आमच्यावर ग्लास ठेवू नका. धूळ पुसत जा, ती दसऱ्याची वाट बघत नाही. एखादा आवाज कापायचा असेल, तर आधी मोबाइल खाली ठेवा आणि तो शेवटपर्यंत ऐका. आणि घरातल्या कुणाचा आवाज माझ्यासारख्या जुन्या डब्यात पडून असेल, तर त्याची एक नक्कल दुसरीकडे काढून ठेवा. आजच काढा. त्या दुपारी मी उठलो. पुढच्या वेळी उठेन, असं वचन मी कुणालाही देत नाही.