सोडलेला अध्याय

आमच्या घरी जेवण झालं की पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचतात. मागच्या खेपेला जिथं थांबलो, तिथून पुढं. वंशावळी असोत नाहीतर कुष्ठरोगाचे नियम, गाळायचं काही नाही. सगळं देवाच्या तोंडचं, त्यात आवडनिवड करणारे आपण कोण, असं बाबा म्हणत. खुणेला लाल फीत असते. ती शेवटच्या पानाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून.

माझा भाऊ गेरब्रांट गेल्या फेरीत एका अध्यायावरूनच घराबाहेर पडला. हट्टी, न ऐकणाऱ्या मुलाला आईबापांनी धरून गावापुढं न्यावं आणि गावानं त्याला दगडांनी ठार मारावं, असा नियम त्यात आहे.

"हे देवाचं नाही," तो म्हणाला. "कुणातरी चिडलेल्या बापाचं आहे."

बाबांनी आवाज चढवला नाही. "ज्यानं एक शब्द टाकला त्यानं सगळं टाकलं. त्याला या टेबलावर जागा नाही."

त्याच संध्याकाळी तो रॉटरडॅमला निघून गेला. दोघंही एकाच माळेचे मणी, नमतं घेणार कोण?

यंदा आईचं दुखणं बळावलं, तेव्हा तिनं त्याला बोलावून घेतलं. वाचनावरून तोंड उघडणार नाही, एवढं कबूल करून तो शनिवारी आला. आई त्याच्याकडं नुसती बघत बसायची. मी मात्र फीत बघितली होती. रविवारी दुपारी नेमका तोच अध्याय येत होता.

आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातली किटली खाली ठेवली आणि ती तडक गोठ्यात गेली. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

"अहो, आजच्यापुरतं तेवढं राहू द्या."

"यानिख्ये, पुस्तक माझं आहे का, राहू द्यायला?"

"पोरगा पुन्हा जाईल. मग मला काही तो दिसायचा नाही."

बाबा गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुपारी आभाळ इतकं भरून आलं की जेवायला दिवा लावावा लागला. "डिर्क्ये, बटाटे छान शिजवलेस," गेरब्रांट मला म्हणाला. "दात नसलेल्यांची सोय झाली." हसलं कुणीच नाही.

जेवण झालं. बाबांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले: भावाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेलं दिसलं तर तोंड फिरवू नकोस, त्याच्या घरी परत पोचव. हा दगडांच्या नियमापुढचा अध्याय होता. आईनं डोळे मिटून घेतले. सुटलो, असं मला वाटलं.

"बाबा," गेरब्रांट म्हणाला, "मधला एक राहिला."

"गप रे," आई पुटपुटली.

"चुकून राहिला का?"

पानं चिकटली होती म्हणाले असते तरी चाललं असतं. पण बाबा जन्मात खोटं बोलले नव्हते.

"नाही. मी सोडला."

"मग मी तरी काय वेगळं केलं होतं?" जिंकल्यासारखं नव्हे, रडवेल्या आवाजात विचारलं त्यानं.

बाबांनी पान मागं उलटलं आणि सोडलेला अध्याय वाचला. अख्खा, दगडांसकट. फीत जागेवर ओढली, देवाचे आभार मानले. मग आपली ताटली-चमचा उचलून उभे राहिले.

"तू बस, गेरब्रांट. जागा आता मला नाही. नियम मीच सांगितला होता."

ते गोठ्यात गेले. दूध काढून झालं की येतील परत, असं आम्ही धरून चाललो होतो. ते अजून गोठ्यातच जेवतात, तिथंच पेंढ्यावर झोपतात. पाद्रीबाबा समजावून थकले. "मी माझे शब्द मागं घेतो," असं गेरब्रांट पाया पडल्यासारखं बोलला. "तुझे घे," बाबा म्हणाले. "माझ्या पापाचं काय?"

गेरब्रांट परत गेला नाही. जेवणानंतर आता तोच वाचतो, एकेक नाव, एकेक नियम. वाचत राहिलं तर बाबा येतील, असं वाटतं वेड्याला.

मी ताट घेऊन गोठ्यात जाते. बाहेर तळं गोठलंय.

"सगळं वाचलं त्यानं?" बाबा विचारतात.

"सगळं."

मगच ते घास घेतात. खोकला आता छातीत उतरलाय, दोन घासांच्या मध्ये थांबावं लागतं त्यांना.