थांबून थांबून दळण

मागच्या वर्षी जुन्नरकडच्या डोंगरातल्या सायकल शर्यतीत मला टेम्पोत बसवलं. शेवटचा चढ ठरलेल्या वेळेत पार केला नाही, तर आयोजक माणूस आणि सायकल दोन्ही उचलून खाली आणतात. मला अकरा मिनिटं उशीर झाला होता. टेम्पोत माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते. त्यांचं टायर फुटलं होतं. माझं काहीच फुटलं नव्हतं. मी अनंत परब, वय चव्वेचाळीस, विमा कंपनीत क्लेम तपासतो. लोकांची खोटी कारणं ओळखण्याचा मला पगार मिळतो, आणि स्वतःसाठी मला एकही सापडलं नाही. घरी येऊन मी बाथरूममध्ये रडलो. यंदा ती शर्यत पुरी करायचीच, बाकी काही नको, असं ठरवलं.

पण पावसाळ्यात डोंगराच्या पायवाटांवर शेवाळ धरतं. म्हणून जूनमध्ये मी ट्रेनर आणला. ट्रेनर म्हणजे लोखंडी घोडा. त्यावर सायकलचं मागचं चाक टेकवायचं आणि जागच्या जागी पेडल मारायचं. व्यायाम असा : चार मिनिटं जीव खाऊन, तीन मिनिटं हळू, असं पाच वेळा. पहाटे साडेपाचला, बाहेरच्या खोलीत. मुलुंड पूर्वेत तिसऱ्या मजल्यावर बसून मी रोज एक घाट चढायचो आणि सातला दूध तापवायचो.

डोंगरातल्या सायकलचं टायर जाड नक्षीचं असतं. ते ट्रेनरच्या रोलरवर घासलं की घर्रर्र असा आवाज येतो. गुळगुळीत टायर लावा, असं दुकानदार म्हणाला होता. मला बदलायचा कंटाळा आला.

चौथ्या दिवशी खालच्या नलिनीकाकू वर आल्या. काकू पंचाहत्तरच्या, एकट्या राहतात. मुलगा निहार बंगलोरला. दार माझी बायको शर्मिष्ठा हिनं उघडलं.

"काय गं, घरघंटी घेतलीत वाटतं? पहाटेपासून दळता."

इथे सोसायटीचा एक ठराव सांगायला हवा. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ट्रेडमिलमुळे खालच्या घरातलं प्लास्टर निखळून आमटीत पडलं. आमटी सेक्रेटरी धोंडिराम खरातांची होती. तेव्हापासून सदनिकेत व्यायामाचं यंत्र चालवण्यास सक्त मनाई आहे. घरघंटीला मनाई नाही. पीठ दळायचं यंत्र अर्ध्या बिल्डिंगकडे आहे, खरातांकडेही आहे.

"हो काकू, घरघंटीच," शर्मिष्ठा म्हणाली. इथवर ठीक होतं. पण चांगल्या घरात वाढल्याचा तोटा असा, की घरघंटी आहे म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप तोंडातून निघतं. "काही दळायचं असलं तर पाठवा ना."

रविवारी डबा आला. पाच किलो गहू.

"तू बोललीस, तू दळ," मी म्हणालो.

"सायकल माझी आहे का? जा, गिरणीत जाऊन ये. आणि गव्हावर गहू सांग, नाहीतर ज्वारी मिसळेल."

गिरणी स्टेशनच्या पलीकडे. दर रविवारी मी डबा पिशवीत घालून, वर टॉवेल झाकून, चोरासारखा जिना उतरायचो. रविवार माझा मोठ्या व्यायामाचा दिवस होता. तो गिरणीच्या रांगेत जायला लागला. श्रावणात काकूंची उपवासाची भाजणी आली. ती धान्यावर दळलेली चालत नाही, म्हणून गिरणीवाल्यानं मला सकाळी सात वाजता, जातं पुसल्या पुसल्या बोलावलं. त्या दिवशी मी काकूंना मनातल्या मनात नको नको ते बोललो. पाकिटातलं पीठ आणा म्हणून सुचवूनही पाहिलं. त्यावर काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन डबे नेले.

आश्चर्य म्हणजे आमच्या घरघंटीबद्दल काकूंनी बिल्डिंगमध्ये कुणालाही सांगितलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये नवा मिक्सर आला तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. डोकं सगळं पायात गेलं होतं.

शर्यतीला तीन आठवडे उरले असताना खरातांनी मीटिंग लावली. विषय एकच : परब यांच्या घरातला आवाज. त्यांनी सलग चार दिवस जिन्यात उभं राहून वेळा लिहिल्या होत्या. घरघंटी आहे, असं मी सांगितल्यावर त्यांनी त्या वाचून दाखवल्या.

"चार मिनिटं चालतं, तीन मिनिटं बंद. परत चार मिनिटं. असं थांबून थांबून दळण कोण दळतं हो, परब?"

शेवटचे तीन आठवडेच खरे महत्त्वाचे असतात. ट्रेनर बंद झाला तर टेम्पोतली जागा पक्की होती. खरं बोलून माफी मागावी, असंही वाटलं, पण धीर झाला नाही.

"काकू, तुम्ही बरोबर खाली राहता," खरात म्हणाले. "तुम्हीच सांगा, वर काय आहे?"

काकूंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "हे यांच्याकडचं पीठ. हात घालून बघा."

खरातांनी हात घातला. पीठ चिमटीत चोळलं. "चांगलंय. पण मग थांबतात कशाला?"

"यांची घरघंटी तापते," काकू म्हणाल्या. "थांबून थांबून दळावं लागतं. वॉरंटी संपल्यावर तापायला लागली, आता करतात काय बिचारे."

सभेनं हळहळ व्यक्त केली. परब यांची घरघंटी तापते, याची इतिवृत्तात नोंद झाली.

मीटिंग संपल्यावर मी काकूंबरोबर जिना चढलो. काकू प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या.

"घरघंटीच्या पिठाला दगडाचा वास नसतो, अनंत. चाळीस वर्षं पोळ्या लाटतेय मी. पहिल्याच डब्याला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं?"

"मला सरळ सांगायचं ना काकू, गुडघे दुखतात, गिरणीत जाववत नाही. मी दिलं असतं की आणून."

"एकदा," काकू म्हणाल्या.

ते खरं होतं. एकदा दिलं असतं. दुसऱ्यांदा ऑफिस असतं, तिसऱ्यांदा पाहुणे. खोटी कारणं मला व्यवस्थित ओळखता येतात. फार शरम वाटली. रोज पहाटे साडेपाचला मी या बाईच्या डोक्यावर घाट चढत होतो आणि ती बिनतक्रार ऐकत होती, पाच किलो पिठासाठी.

"शर्यत कधी आहे तुझी?" काकूंनी विचारलं. शर्यतीचंही त्यांना माहीत होतं.

"अठ्ठावीसला."

"आणि मग?"

"मग महिना-दोन महिने सायकल बंद. पावसाळाही संपेल. आवाज अजिबात येणार नाही काकू, निवांत झोपा."

"ते नाही विचारलं मी."

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी आपल्या घराचं कुलूप उघडलं. मी पुढच्या दोन-तीन पायऱ्या चढलो तेव्हा मला कळलं, त्यांनी काय विचारलं होतं. मी परत खाली उतरलो.

"रविवारी डबा न्यायला येतो," मी म्हणालो.

"हं."

"अठ्ठावीसच्या नंतरच्या रविवारी पण."

सभेत माझ्यासाठी इतकं सफाईनं खोटं बोललेली ती बाई माझ्यावर विश्वास ठेवायला मात्र तयार दिसली नाही.

"बघू," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.