मामांनी आणलेला वशिला

इलेनियाला पदवी मिळाली. त्या दिवशी डोक्यावर घातलेला लॉरेलच्या पानांचा मुकुट फ्रीजवर सुकून कडक झाला, तरी रविवारच्या जेवणाला घरात विषय एकच. पोरगी आता होणार कोण?

डॉक्टर नाही, नर्स नाही, औषधांच्या दुकानात बसायची नाही. शेजारणीने विचारलं की इलेनियाची आई ग्रात्सिएल्ला म्हणायची, "रक्ताचं काहीतरी शिकली आहे," आणि घाईघाईने टोमॅटोच्या भावावर यायची. दोनातोमामा तळलेली सुकी मिरची कुरकुर चावत म्हणायचा, आपल्या पोटेन्झात जिने पुष्कळ आहेत, चढून जायला नोकऱ्या कुठे आहेत?

इलेनिया मात्र बोलायला लागली की थांबत नसे. इस्पितळाची प्रयोगशाळा आहे, रक्तपेढी आहे, गाठीचा तुकडा कापून काचेवर बघणारे आहेत, औषधं तपासणारे कारखाने आहेत, पुढे शिकून संशोधनाला जाता येतं. सांगताना तिचे हात असे फिरत, की एकदा वाइनची बाटली थोडक्यात वाचली. "आणि तुला काय हवंय?" असं विचारलं, की ती टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागे. तिला हवी होती याच गावच्या इस्पितळातली प्रयोगशाळा. तिथे नाही जमलं तर दूर उत्तरेला जाणारी तोरिनोची गाडी, आणि तिथून परत आलेलं माणूस त्यांच्या गल्लीत अजून कोणी पाहिलं नव्हतं.

हे सगळं मनापासून ऐकणारी एकच होती, एर्सिलियाआत्या. तिची सगळी नोकरी त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत गेली. ती लागली तेव्हा तळघरात हौदात बेडूक पाळलेले असत. बाईला दिवस गेलेत का, हे त्या काळी बेडकाला विचारावं लागे. बाईची लघवी नर बेडकाला टोचायची, काही तासांनी बेडकाची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. तिच्यात शुक्रजंतू दिसले, की बाईला दिवस गेलेले. बातमी आधी बेडकाला कळे, मग एर्सिलियाला, मग डॉक्टरांना, आणि नवऱ्याला सगळ्यांच्या शेवटी. थंडीत हौदाचं पाणी बदलताना बोटं बधिर होत. पण काचेखाली काहीतरी वळवळताना दिसलं की अंगावर शहारा येई, तो तिला अजून आठवत होता. भाचीच्या डोळ्यांत तिला तोच दिसे.

वसंत ऋतूत इस्पितळाने दोन जागा काढल्या. लेखी परीक्षेला नापोली आणि बारीहून बसगाड्या भरून पोरं आली. वर्गांत मावेनात म्हणून क्रीडागृहात टेबलं मांडली. लेखी झाली, हाताने करून दाखवायची परीक्षा झाली, चाळणीत मोजकेच उरले. त्यांत इलेनिया होती. आता फक्त तोंडी.

आदल्या संध्याकाळी मामा आला आणि दार लावून घेत म्हणाला, आता अभ्यास पुरे, आता वशिला बघायला हवा. परीक्षकांच्या अध्यक्षीणबाईंचा चुलत दीर त्याच्याबरोबर लष्करात होता म्हणे.

"मामा, तू एक शब्द जरी कुणाजवळ बोललास, तर मी उद्या जाणारच नाही," इलेनिया म्हणाली. "जन्मभर लोक म्हणतील, वशिल्याचं तट्टू."

"तट्टू तर तट्टू. चारा तर मिळेल."

ती उठून आत गेली. ग्रात्सिएल्लाने भावाला झापलं. मामाने दोन्ही हात वर करून कबूल केलं, की नाही, तो कुणाला भेटणार नाही.

सकाळी तिला कोणी शुभेच्छा दिल्या नाहीत, कारण तसं म्हटलं की हटकून वाटोळं होतं. त्याऐवजी आई रिवाजाप्रमाणे म्हणाली, "लांडग्याच्या तोंडात जा." "मरो तो लांडगा," इलेनिया म्हणाली आणि निघाली. ग्रात्सिएल्लाच्याने तिथे बसवलं नसतं, म्हणून ती घरीच राहिली. आत्या सोबत गेली.

तोंडी परीक्षा दार उघडं ठेवून घ्यायची असा कायदाच आहे. कोणीही येऊन मागे बसावं आणि ऐकावं. त्यामुळे खोलीत उमेदवारांपेक्षा त्यांच्या आया आणि काका जास्त होते. आत्याने इलेनियाशेजारची खुर्ची पकडली आणि तिच्या नाकात कसलासा वास शिरला. तिने वळून पाहिलं. मागच्या रांगेत दोनातोमामा, लग्नाचा कोट घालून, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून जुन्या, मुरलेल्या काचोकावाल्लो चीजचा वास खोलीभर चालला होता.

आत्या उठायच्या आत एका उमेदवाराची परीक्षा संपली, खुर्च्या सरकल्या, आणि मामा सरळ पुढे गेला. त्याने पिशवी अध्यक्षीणबाईंच्या पायाशी ठेवली.

"घरचं आहे, बाई. सहज आणलं."

मागच्या आया-काकांनी माना उंच केल्या. बाईंनी चष्मा काढला.

"आपण कोणत्या उमेदवाराचे?"

मामाला तेव्हा उमगलं आपण काय करून बसलो ते. त्याचे कान लाल झाले. "कुणाचाच नाही," तो म्हणाला. "चीजवाला आहे मी. खोली चुकलो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. आत्याने इलेनियाचा दंड घट्ट धरला. मामा-भाचीची आडनावं वेगळी, इलेनिया गप्प बसली तर कुणाला कळणारही नव्हतं. गप्प बस गं, आत्या मनात म्हणत होती, गप्प बस. इलेनियाने हळूच तिची बोटं सोडवली आणि ती उभी राहिली.

"माझे मामा आहेत. नको सांगितलं होतं तरी आले. मी काही पाठवलेलं नाही, आणि ते चीज घरी परत जाईल."

परीक्षकांनी डोकी एकत्र आणली. कुजबूज बराच वेळ चालली. आत्याच्या डोळ्यांसमोर तोरिनोची गाडी आणि खिडकीत भाचीचा चेहरा येऊन गेला. शेवटी बाई म्हणाल्या, पिशवी बाहेर जाईल, मामाही बाहेर जातील, आणि घडलं ते सगळं नोंदवलं जाईल. मग त्यांनी बंद लिफाफे टेबलावर पसरले. "उमेदवाराने एक उचलावा."

इलेनियाने लिफाफे एकदा नजरेखालून घातले. तिने कडेचा उचलला. बाईंनी फोडून मोठ्याने वाचलं. रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलेलं, कॅल्शियम पार तळाला, रुग्ण मात्र खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचतो आहे. तुम्ही काय कराल?

आणि आत्याने पाहिलं, पोरीचा चेहरा बदलला. रविवारच्या जेवणाला बोलायची तशीच ती बोलायला लागली. वॉर्डात ताबडतोब फोन करीन, ती म्हणाली, आणि रक्ताचा नवा नमुना मागवीन. बहुतेक कोणीतरी जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं आहे. रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत जे असतं, त्यात पोटॅशियम असतं, आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. तिचे हात पुन्हा हवेत फिरायला लागले होते.

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?" बाईंनी विचारलं.

"म्हणून तर फोन आधी, बाई. मी बरोबर की चूक हे ठरेपर्यंत माणूस जायला नको."

कडेचा म्हातारा परीक्षक, जो सकाळपासून पेंगत होता, सावरून बसला आणि त्याने आणखी विचारलं, मग आणखी. ती उत्तरं देत राहिली. आत्याला वाटलं, हे संपूच नये.

निकाल दुपारी दारातच वाचून दाखवला. पहिलं नाव बारीच्या मुलाचं. दुसरं इलेनियाचं. जिन्यावर बसलेल्या मामाने तोंडावर रुमाल धरला आणि तो लहान मुलासारखा रडला. इलेनिया त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, पुन्हा असं केलंस तर रक्त काढताना जाडी सुई घेईन.

आत्याने घरी फोन लावून कळवलं. मग वाटलं, आता घरी जायचं. पण इलेनिया उलट्या दिशेला निघाली होती. प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराशी जाऊन तिने आतल्या माणसाला विचारलं, कामावर कधी येऊ?

"कागद फिरता फिरता उन्हाळा जाईल, पोरी."

"मग आज नुसतं बघू द्या."

त्याने आत्याला ओळखलं, हसला आणि दार उघडलं. आत हौद नव्हता, बेडूक नव्हते. यंत्रं घुमत होती, नळ्या आपोआप सरकत होत्या. इलेनिया या यंत्रापाशी, त्या यंत्रापाशी, हे कसं चालतं, ते बिघडलं तर काय, एकामागून एक विचारत होती. त्या माणसाने शेवटी खुर्ची ओढून तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, आणि ती काचेवर वाकली.

आत्याचा फोन वाजला. ग्रात्सिएल्ला विचारत होती, पाणी उकळलंय, पास्ता टाकू का?

एर्सिलियाने भाचीकडे पाहिलं. ती श्वास रोखून बघत होती.

"एवढ्यात नको," आत्या म्हणाली. "गॅस बारीक कर. वेळ लागेल आम्हाला."