जड राखेची खदान

मित्रांनो, मला वेगळं असं नाव नाही. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या रस्त्यावर एक लहान गाव लागतं. तिथल्या मारुतीच्या देवळामागची जुनी खदान म्हणजे मी.

माझ्या काळ्या दगडातून देवळाचा ओटा झाला, शाळेच्या पायऱ्या झाल्या, निम्म्या गावाचे पाये भरले गेले. "या खदानीचा दगड म्हणजे सात पिढ्यांची खात्री," असं लोक म्हणायचे आणि मला फार बरं वाटायचं. पुढं दगड संपला, घणांचे आवाज थांबले. माझ्यात पाणी साचायचं, म्हशी डुंबायच्या. चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ता बसला की कर्ण्यातून कीर्तन माझ्यापर्यंत यायचं. मृदंगावर थाप पडे आणि ती माझ्या कपारींतून पुन्हा उठे. मला वाटे, टाळकऱ्यांमागं आपणही धृपद धरलंय.

मग एका दुपारी ताडपत्री झाकलेला ट्रक आला. दूर कुठंतरी जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायची भट्टी होती. तिची करडी राख त्यानं माझ्यात ओतली. चार वर्षं असे ट्रक येत राहिले. खड्डा बुजतोय, लेकरं बुडायची भीती गेली, म्हणून गावही खूश. ही राख कशाची, असं कुणीच विचारलं नाही. खरं सांगते, मीही नाही. रिकाम्या पोटात कुणी काही वाढतंय, एवढ्यातच मी सुखावले.

गावात दैवशाला नावाची सून आहे. सप्त्याच्या महाप्रसादाची पितळी पातेली घासण्याची सेवा तिच्याकडं सासूकडून आली. पण घरोघरी गॅस आला, चुली विझल्या आणि भांडी घासायला राख मिळेना. तेव्हा तिनं माझ्यातली राख घमेल्यात भरून नेली. पितळ असं लखलखलं की बायका बघतच राहिल्या. एकीनं विचारलं, "बाई, कुठलीबी राख चालती का देवाच्या भांड्याला?"

"आगीतून निघालेलं अशुद्ध कसं असंल?" दैवशाला म्हणाली.

आमच्याकडं राख म्हणजे अंगारा. तिच्यावर संशय कोण घेणार? हळूहळू सगळ्या घरांत तिचे डबे भरले. दैवशालाची सात वर्षांची आकांक्षा आईशेजारी कोपरापर्यंत राखेनं माखून भांडी घासायची आणि त्याच हातांनी गूळ-शेंगदाणे खायची.

भांड्यांना कल्हई करायला जालन्याच्या मस्तगड भागातून इनायतभाई येत. माझ्या काठच्या लिंबाखाली त्यांची भट्टी पेटायची. त्या वर्षी त्यांनी चिमूटभर राख तळहातावर घेतली आणि हात वरखाली केला.

"दैवशालाभाभी, ही राख न्हाई."

"मंग काय पिठीसाखर हाय?" बायका खो खो हसल्या.

"फुंकून बघा. राख असती तर उडाली असती, ही बसूनच राह्यली. शिसं-कथिल वितळवण्यात जिंदगी गेली माझी. हे शिशाचं वजन हाय. लेकराला दूर ठेवा."

"तुम्ही कल्हई करा, इनायतभाई. राखेचं आमच्यावर सोडा."

"जशी मर्जी," ते म्हणाले. पण प्रत्येक पातेलं त्यांनी पुन्हा दोनदा विसळलं आणि मगच भट्टीवर धरलं.

पुढच्या वर्षी आकांक्षाचं पोट दुखू लागलं. पोर पिवळी पडली, जेवेना, पाठ असलेले पाढे विसरू लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. काल्याच्या दिवशी सकाळी दैवशाला अहवाल घेऊन आली, ती घरी न जाता आधी माझ्या काठावर आली. पोरीच्या रक्तात शिसं निघालं होतं.

"मीच घातलं गं तिच्या पोटात," एवढंच ती म्हणाली. ते माझ्या पोटातलं होतं, हे मला ओरडून सांगायचं होतं. दगडाला जीभ कुठली?

तिकडं काल्याचं कीर्तन रंगलं होतं. मंडपामागं बायकांनी त्याच राखेनं घासलेली पातेली ओळीनं मांडली होती. आता आधण चढायचं होतं. दैवशाला तिकडं धावली. तिचं ऐकून सप्ता कमिटीच्या रामरावांनी तिला अडवलं.

"पोरी, आज असलं बोलू नको. लोकं जेवायचे न्हाईत."

"न जेवले तर उपाशी राहतील, दादा. जेवले तर माझ्या आकांक्षासारखे होतील."

ती सरळ कीर्तनात जाऊन उभी राहिली. महाराजांनी हातानंच टाळ थांबवले. कर्ण्यातून तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. "ही राख पहिल्यांदा मी आणली. इनायतभाईनं सांगितल्तं, मी हसले. माझ्या पोरीच्या रक्तात इख भिनलंय. ही भांडी चढवू नका. घराघरातले डबे बाहेर काढा."

महाराज खाली वाकले आणि तिच्या पाया पडले. "माउली, आठ दिवस आम्ही नुसतं गायलो. कीर्तन आज झालं."

त्या दिवशी काल्याच्या लाह्या खाऊन गाव उठलं. एकदोघं कुरकुरले, नाही असं नाही. पण संध्याकाळपर्यंत डब्यांची रास माझ्या काठावर लागली. रामराव स्वतः राख उचलण्याचा अर्ज घेऊन जालन्याच्या कचेरीत गेले.

दोन वर्षं हेलपाटे झाले. मग सरकारकडून तोंडं झाकलेली माणसं आली. उपसताना बारीक धूळ उडू नये म्हणून त्यांनी राख भिजवली, जाड पिशव्यांत बंद केली आणि विषारी कचऱ्यासाठी बांधलेल्या जागी नेली. जिथं भांडी घासली जायची, ती देवळापुढची मातीही खरवडली. माझ्या भेगांत मुरलेलं मात्र निघेना. म्हणून त्यांनी माझ्या तळावर चिकणमाती दाबली, जाड कापड अंथरलं, वर पुन्हा माती घातली आणि तारेचं कुंपण केलं.

आकांक्षाच्या रक्तातलं शिसं आता निम्म्यावर आलंय. सातचा पाढा ती नव्यानं पाठ करते आहे. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. आई रोज तिच्याजवळ बसते.

मित्रांनो, कुणी तुमच्या दारात काही फुकट ओतून जाऊ लागलं, तर हात जोडून का होईना, ते काय आहे हे आधी विचारा. आणि माझी एक विनंती ऐका. जन्मभर मी उपयोगी पडण्यात धन्यता मानली. आता कुणी म्हणेल, ही जागा रिकामी पडलीये, इथं घर बांधू, विहीर खणू. तसं करू नका. माझं पोट बांधलेलं आहे. मला निरुपयोगी राहू द्या. तुमच्या लेकरांसाठी माझ्या हातून आता एवढीच सेवा होण्यासारखी आहे.