मधात सोडलेला अध्याय

पार्बताबाईला दिसत नव्हतं, पण खून कोणी केला ते तिला पुस्तकातल्या पोलिसाच्या आधी कळायचं. काचबिंदूनं डोळे गेले त्याला सात वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून रोज दुपारी तिची सून रागिणी तिला पुस्तक वाचून दाखवायची. देवाधर्माचं नव्हे हं. अमरावतीत राजकमल चौकाजवळ एक वाचनालय होतं, तिथून आणलेल्या रहस्यकथा. बंद खोली, मेलेली मावशी, लहानपणी कोणीतरी काहीतरी पाहिलेलं आणि मग विसरलेलं, असल्या. म्हातारी मांडीवर कापूस घेऊन वाती वळत ऐकायची आणि पन्नासाव्या पानाच्या आत निकाल देऊन मोकळी व्हायची.

"बाहेरचं कोनी नसते वं," ती म्हणायची. "घरातलंच असते."

तिचा एक नियम होता. गावाकडं पोथी लागली की अध्याय अर्धवट टाकून कोणी उठत नाही. वाचणारा घसा कोरडा पडेपर्यंत वाचतो आणि ऐकणारे पाय आखडेपर्यंत बसतात. तोच नियम म्हातारीनं या खुनांच्या पुस्तकांना लावला होता. दारात कुरिअरवाला उभा राहो की गॅसवरचं दूध उतू जावो, अध्याय मधात सोडायचा नाही. रागिणीला कधीकधी अशी चीड यायची की पुस्तक फेकून द्यावं. पण खोटं कशाला सांगा, चटक तिलाही लागली होती. दुसऱ्यांच्या घरातली भुतं बाहेर निघताना बघायला कोणाला आवडत नाही? आपल्या घरात निघेपर्यंत तरी आवडतं.

त्या भादव्यात आरती न्हाणीत अडकली. आरती म्हणजे रागिणीची नऊ वर्षांची पोरगी. न्हाणीच्या दाराची बाहेरची कडी ढिली झाली होती, दार जोरात ओढलं की आपोआप पडायची, तशी पडली. पोरीनं दार वाजवलं, बाबा, बाबा म्हणून हाका मारल्या. तिचा बाप अमोल तीन पावलांवर खुर्चीत बसला होता. रागिणी भाजी आणायला गेली होती. परत येऊन बघते तर पोरगी आजीला बिलगून हुंदके देतेय. आंधळ्या म्हातारीनं भिंत चाचपत जाऊन कडी काढली होती. आणि अमोल अजून खुर्चीतच, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ.

रागिणीनं तोंडाला येईल ते ऐकवलं. तो एवढंच म्हणाला, की मले उठता येत नोतं. त्याच संध्याकाळी तो पेचकस घेऊन घरभर फिरला आणि एकूणएक दाराची कडी काढून टाकली, संडासाचीसुद्धा.

अमोल अकोल्याला एका ऑफिसात कारकून होता. रोज बडनेऱ्याहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. गरीब माणूस. पीत नाही, हात उचलत नाही, पोरीसाठी आठवणीनं पेरू आणणारा. तर असल्या माणसाजवळ स्वतःची पोरगी एकटी ठेवायला भीती वाटते, हे बाईनं कोणाला सांगावं? रागिणीनं सांगितलं नाही. आरतीला मात्र शाळेतून सुटली की शेजारच्या मायाकडे बसवू लागली, आणि मनात माहेरची बॅग भरून ठेवली.

अमोलनं रजा टाकली. अकोल्यातच एक मनाच्या आजाराच्या डॉक्टरीण बाई होत्या, त्यांच्याकडे दोघं जाऊन आले. तिथं त्यानं पहिल्यांदा आपलं सपन सांगितलं. लहानपणापासून पडतं म्हणाला, आणि हल्ली जागेपणीही पडतं. दगडाची पायरी. कडक ऊन. समोर झेंडूचा ढीग. पाठीमागं कोणीतरी दार वाजवतं आणि आपल्याला उठता येत नाही. मी येडा होऊन राहिलो का, त्यानं बाईंना विचारलं. बाईंनी रागिणीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हे सपन आहे की झालेलं आहे, ते घरच्यांना विचारा. झालेलं असेल तर त्याला ते कळायला हवं. नाहीतर हा माणूस स्वतःला वेडा समजत समजत एक दिवस खरंच होईल.

झेंडू म्हटल्यावर रागिणीला घरचा दसरा आठवला होता. सासर माळ्याचं. चांदूर बाजारच्या अलीकडे त्यांचं वावर, त्यात पिढ्यान्‌पिढ्या फुलं. आणि या घरात दसऱ्याला दाराला झेंडू लागत नाही. नुसती आंब्याची पानं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं विचारलं तेव्हा सासरे शेषराव, तेव्हा ते होते, म्हणाले की आमची साधना दसऱ्याच्या दिवशी गेली, फुलं तोडताना साप चावला. साधना ही अमोलची मोठी बहीण. गेली तेव्हा अठरा वर्षांची, अमोल आठ वर्षांचा.

रागिणीनं म्हातारीला सरळ विचारलं. एकदा नाही, दोनदा.

"साप चावला," म्हातारी म्हणाली. "किती खेपा सांगू?"

दसरा चार दिवसांवर आला. रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागले आणि अमोल घराबाहेर पडेनासा झाला. दुपारी तो आतल्या खोलीत पडून असायचा. त्या दिवशी रागिणीनं नेहमीसारखं पुस्तक उघडलं. एका वकिलाच्या घरातली गोष्ट होती, अकरावा अध्याय. पान-दीड पान वाचून झालं आणि वकिलाच्या घरातला लहान मुलगा जिन्यावर येऊन बसला. तिथं तिची नजर ओळीवरून सुटली. आपण काय करतोय हे कळायच्या आत ती पुस्तकात नसलेलं वाचू लागली होती.

मुलगा जिन्यावर नाही, दगडाच्या पायरीवर बसला आहे, असं तिनं वाचलं. ऊन आहे. समोर झेंडूचा ढीग. मुलाच्या पाठीमागं दार, दाराला बाहेरून कडी. आत त्याची बहीण आहे. ती दार वाजवते. मुलगा उठत नाही, कारण त्याला कोणीतरी बसवलेलं आहे.

आवाज नेहमीसारखा ठेवायची ती शिकस्त करत होती. म्हातारीच्या मांडीवरची वात अर्धी वळून थांबली.

"कोनं बसवलं?" म्हातारीनं विचारलं.

रागिणीला पुढं माहीत नव्हतं. ती थांबली.

"मधात थांबू नोको. कोनं बसवलं, थे वाच."

रागिणी म्हणाली, पुढचं पान फाटलं आहे.

"पान फाटलं नाई," म्हातारी म्हणाली. "तू पान उलटलंच नाई. कवाची आयकून राहिली मी. आंधळी झाली, बहिरी नाई झाली."

आता ही आकांडतांडव करणार, भरल्या घरात शिव्या घालणार, असं रागिणीला वाटलं. म्हातारीनं तसलं काही केलं नाही. मांडीवरचा कापूस गोळा करून डब्यात भरला, झाकण लावलं आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत, पुस्तकातल्या बाईचं सांगावं तसं सांगायला लागली.

साधनाचं गावातल्या एका पोराशी होतं. ते कळलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. रात्रभर घरात रडारड. पहाटे शेषराव अर्धा झेंडू घेऊन अकोल्याच्या बाजाराला गेले. उरलेला अर्धा पार्बताबाईनं अमरावतीला न्यायचा, टेम्पो वावरात येऊन उभा. दसऱ्याचा झेंडू दसऱ्यालाच. दुसऱ्या दिवशी तो ढोरांपुढं टाकावा लागतो. ती थांबली असती तर सगळं मातीत गेलं असतं, आणि पोरीला मोकळी सोडून गेली असती तर पोरगी त्या पोराबरोबर गेली असती. तिनं पोरीला वावरातल्या खोलीत कोंडलं. कडी होती, कुलूप नव्हतं. म्हणून राखणीला अमोलला पायरीवर बसवलं.

"म्या म्हटलं, मी येईन तवरोक येथून उठू नोको. काई झालं तरी उठू नोको. फवारणीचं औषध त्याच खोलीत राहे, वं. माह्या ध्यानातच नाई आलं. माह्या डोक्यात फुलं होती."

ती दुपारी तीनला परत आली. अमोल पायरीवर तसाच बसला होता, चड्डी ओली, ओठ वाळलेले, पण उठला नव्हता. त्याला ओलांडून तिनं कडी काढली. पुढचं तिनं सांगितलं नाही आणि रागिणीनं विचारलं नाही. शेजारच्या वावरातल्या बेबीताईनं पोराला उचलून नेलं. संध्याकाळपर्यंत सापाचं ठरलं. पोरगं आठ दिवस तापात बरळत होतं की दार वाजते, दार वाजते. तेव्हा तिनं त्याला जवळ घेऊन सांगितलं, की तू झोपला होता राजा, तुले सपन पडलं.

रागिणीला संताप आला. तीस-बत्तीस वर्षं एका पोराला त्याच्याच डोळ्या-कानांवर विश्वास ठेवू दिला नाही, आणि वर रोज दुपारी दुसऱ्यांच्या घरातले गुन्हेगार ओळखत बसली. ती म्हणाली, हे त्याला सांगा. आज सांगा.

"सांगून काय होईन? आठ वर्षांचं पोरगं, पन हात पुरत होता त्याचा कडीले. एक बोट लावलं असतं तर उघडली असती. थे त्याले कळलं तर जगन का थो?"

"त्याला कळलेलंच आहे, आई," रागिणी म्हणाली. "म्हणून तर त्याला आरतीचं दार उघडता आलं नाही."

त्या दिवशी न्हाणीची कडी म्हातारीच्याच हातानं निघाली होती. तिनं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि मग अमोलला हाक मारली.

तो आला, भिंतीलगतच्या खुर्चीत बसला. म्हातारी म्हणाली, रागिणी वाचून राहिली, तूही आयक, अध्याय पुरा व्हायचा आहे. आणि रागिणीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "तू वाच. माह्या तोंडून नाई निघत."

रागिणीनं पुस्तक पुन्हा उघडलं. एकही अक्षर दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. तिनं वाचलं: दसरा होता. मायनं कडी लावली. पोराला पायरीवर बसवलं, आणि मी येईन तवरोक उठू नोको म्हणून सांगितलं. फुलं भरलेला टेम्पो गेला. मग आतून दार वाजलं.

अमोलचे हात गुडघ्यांवर गेले, पाठ ताठ झाली. रागिणी थांबली. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"थे पोरगं झोपलं होतं का?" त्यानं विचारलं.

"नाई," म्हातारी म्हणाली. "जागं होतं बापा. झोपलं होतं हे मायनं मागून सांगतलं. लबाडी केली मायनं."

अमोलनं मान हलवली. एकदा, दोनदा, मग हलवतच राहिला. आपण वेडे नाही हे कळल्यावर माणूस मोकळा होत असेल अशी रागिणीची समजूत होती. तसं काही दिसेना. त्याचं तोंड पार राखेसारखं झालं होतं.

"ताईनं 'उघड' असं नाई म्हटलं," तो म्हणाला.

म्हातारीनं मान वर केली. इतकी वर्षं रोज रात्री तिनं ते ऐकलं होतं, उघड माय, उघड माय. तिथं नसूनही ऐकलं होतं.

"पहिल्यांदा वाजवलं. मंग म्हणे, अमोल, तू जाय येथून. खेळाले जाय. दूर जाय, मले आयकू नोको. तीन-चार खेपा म्हणे. मी नाई गेलो. तुनंच बस म्हटलं होतं."

म्हातारी उठली आणि भिंत चाचपत निघाली, न्हाणीकडं गेली होती तशीच. खुर्चीला तिचा पाय लागला. ती खाली बसली, अमोलच्या गुडघ्यांवर घट्ट बसलेले हात तिनं शोधले आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवू लागली.

"मी आली, अमोल," ती म्हणाली. "ऊठ आता."

अमोल उठला नाही. ती पुन्हा म्हणाली, मी आली रे, ऊठ. आरती शाळेतून मायाकडे येऊन गेली, तिथून घरी आली, दप्तर काढून दारात उभी राहिली, तरी आजी तेच म्हणत होती.