तोफेवरची बादली

मला समुद्र लागतो. एखाद्याला बस लागते, तसा. जहाज बंदराचा बांध ओलांडून बाहेर पडलं की माझ्या पोटात जे डुचमळायला लागतं, ते परत बांधाच्या आत येईपर्यंत थांबत नाही. लिंबू चोखून झालं, आलं चघळून झालं, गोळ्या घेऊन झाल्या, क्षितिजाकडे एकटक बघून झालं. वादळात क्षितिजही हलतं, हे तो सल्ला देणाऱ्यांना कोणी तरी सांगायला हवं. होईल सवय, असं सगळे म्हणायचे. झाली की. उलटी करायची सवय झाली.

आणि काम काय करते, तर पुढच्या डेकवरच्या तोफेचा नेम धरते.

हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या जहाजावर सगळ्यांनी हसून घेतलंय. माझं खरं नाव बहुतेकांना माहीत नाही. मला ‘बादली’ म्हणतात. नव्या जहाजांवरच्या तोफा म्हणे बंद खोलीत बसून बटणांवर चालतात. आमचं जहाज म्हातारं आहे आणि तोफ त्याहून म्हातारी. तिच्या डाव्या अंगाला लोखंडाची एक छोटी बैठक आहे, ती माझी. समोर एक चाक, ते फिरवलं की नळी वर-खाली होते. डोळ्याला दुर्बीण, उजव्या पायाखाली गोळा सोडायचं पायटं. उजव्या अंगाला तशीच दुसरी बैठक. तिथे जाड्या बसतो आणि तोफ आडवी फिरवतो. जाड्या काडीसारखा बारीक आहे, म्हणून जाड्या. मागे गोळे भरणारा पैलवान. आणि आम्हा सगळ्यांच्या मागे, पाय फाकवून, काका.

काका म्हणजे तोफेचे प्रमुख. माझे सख्खे काका नव्हेत, जहाजावर सगळेच त्यांना काका म्हणतात. निवृत्तीला आले होते. मला या बैठकीवर बसवलं ते त्यांनीच. तेव्हा ओकारी काढत मी नेम धरला होता आणि ते एवढंच म्हणाले होते, “पोट कुणाचं कसं असतं ते मला नको. डोळा बघू दे.”

खवळलेल्या समुद्रात तोफ चालवणं म्हणजे पाळण्यात बसून सुईत दोरा ओवणं. जहाज एका अंगावर कलतं, क्षणभर थबकतं, मग दुसऱ्या अंगावर पडायला लागतं. जे करायचं ते त्या थबकण्यात. वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या गोंगाटात ओरडून सांगितलेलं काहीच ऐकू येत नाही, म्हणून आमच्या तोफेवर सगळा कारभार पाठीवर चालतो. काकांची एक थाप म्हणजे तयार राहा. लागोपाठ दोन म्हणजे सोड. पंजा दाबून धरला, तर थांब. त्या दोन थापांवर पाय इतका घोटला जातो की पुढे पुढे तो आपला राहतच नाही, काकांचा होतो.

म्हणूनच आमच्या तोफेवर एक कडक नियम होता: एकदा बैठकीवर बसलं की कोणी कोणाच्या पाठीला हात लावायचा नाही. शाबासकीला नाही, चेष्टेत नाही. मी बादलीत तोंड घालून आतडी बाहेर काढत असले तरी मागची माणसं खांबासारखी उभी. बाहेरच्याला वाटावं, काय दगड आहेत.

मी स्वतःसाठीही एक नियम केला होता. दुर्बिणीवरून डोळा निघाला की उजवा पाय पायट्यावरून काढून बैठकीच्या दांड्यामागे अडकवायचा. कोणी शिकवला नव्हता. उलटीची उबळ आली की अख्खं अंग झटका खातं, त्यात पाय कशावर पडेल याचा भरवसा नको, एवढंच.

बादली मात्र आईने दिलेली. आधी पत्र्याची होती. प्रत्येक हेलकाव्याला तोफेवर आपटून अशी खणखणायची की कप्तानांनी वरून विचारलं होतं, खाली देऊळ उघडलंय का. आई दुकानांच्या छपऱ्या आणि ट्रकची आवरणं शिवते. आमच्या घरात जेवणाच्या टेबलापेक्षा तिचं शिलाई मशीन मोठं आहे. ताई मला फोनवर सारखी म्हणायची, “घरी ये गं, कशाला जीव काढतेस?” आई यातलं काही म्हणाली नाही. तिने बादलीचं माप विचारलं. मग जाड ताडपत्रीची एक बादली शिवून पाठवली. दुहेरी शिलाई, तोंडाशी नाडी, टांगायला मजबूत बंद. सोबत निरोप होता, “धुऊन उलटी वाळत घाल.” घर सोडल्यावर माझ्यासाठी कोणी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच, असं मला आजही वाटतं.

तर एवढं सगळं नीट बसलेलं असताना आमच्या जहाजावर नव्या डॉक्टरीणबाई आल्या.

बाई वाईट नव्हत्या, हेच तर कठीण होतं. त्यांनी माझं वजन केलं, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती सावकाश खाली बसते ते बघत राहिल्या. म्हणाल्या, “तुझ्या अंगात पाणीच राहत नाही. तू एक दिवस त्या बैठकीवरच कोसळशील.” मग त्यांनी कप्तानांकडे शिफारस केली की मला कायमचं किनाऱ्यावरच्या कोठारात पाठवावं. माझ्या जागी कोण, तेही ठरलं होतं. आम्ही त्याला ‘इस्त्री’ म्हणायचो, कारण त्याच्या सदऱ्याला भर वादळातही घडी असायची. शांत पाण्यात त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता. मी खोटं कशाला बोलू?

कप्तानांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. टेबलावरचा चहाचा पेला घसरू नये म्हणून कप्तानांनी खाली ओला रुमाल अंथरला होता.

“उद्या नेमबाजीचा सराव आहे,” ते म्हणाले. “समुद्र चांगलाच खवळणार आहे. तू बसशील. पण उलटी झाली तर…”

“उलटी होणारच, साहेब,” मी मध्येच बोलले. मध्ये बोलायचं नसतं, पण माझं डोकं फिरलं होतं. “ती अट घालायची असेल तर मी आत्ताच सामान बांधते. नेमाची अट घाला. कामाची घाला. पोटाची कसली अट?”

डॉक्टरीणबाई छताकडे बघायला लागल्या. कप्तानांनी पेला उचलला, रुमाल सरळ केला, पेला परत ठेवला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “कामाची अट. निशाण उडायला हवं. आणि उद्या तोफेवर एकही आदेश चुकता कामा नये. एक जरी चुकला, तरी तू कोठारात जाशील. कबूल?”

“कबूल.”

बाहेर काका उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. “मी तिकडे जाणार नाही, काका,” मी म्हटलं. “डबे मोजत बसायला माझा जन्म झालेला नाही.” ते म्हणाले, “आधी दोन घास खाऊन घे. रिकाम्या पोटी फार जड जातं.”

दुसऱ्या दिवशी समुद्राने माझ्यासाठी खास तयारी केली होती. लाटा पुढच्या डेकवर चढून तोफेच्या पोलादी ढालीवर फुटत होत्या आणि दोन्ही बाजूंनी आमच्या कुशीत शिरत होत्या. दूरवर एक टगबोट लांब दोरखंडाला बांधलेला तराफा ओढत होती. तराफ्यावर लाल कापडाचं निशाण. ते उडवायचं होतं. वर, जिथून जहाज हाकतात त्या सज्जात कप्तान, शेजारी डॉक्टरीणबाई आणि घडी न मोडलेला इस्त्री.

पहिला गोळा निशाणाच्या अलीकडे पडला. दुसरा पलीकडे. यात वाईट काही नाही, हात असाच बसतो. पैलवानाने तिसरा भरला. काकांची एक थाप पाठीवर पडली. तयार. मी डोळा दुर्बिणीला लावला आणि नेमकी तेव्हाच उबळ आली. साधीसुधी नव्हे. पायाच्या अंगठ्यापासून निघून वर आली. मी डोळा बाजूला घेतला, पाय दांड्यामागे अडकवला आणि आईच्या बादलीत तोंड घातलं.

थांबेचना. पोटात काही उरलं नव्हतं तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मानेवरून समुद्राचं पाणी. सगळं जहाज वरून बघतंय हे कळत होतं, आणि त्या बघण्याचा मला असा काही राग आला होता की बस. बघा, म्हटलं मनात. डोळे भरून बघा.

आणि माझ्या पाठीवर दोन थापा पडल्या.

पाय उसळला. अगदी खरं सांगते, मी काही ठरवायच्या आत तो उसळला, केवळ अडकलेला होता म्हणून नडगी दांड्यावर आपटली आणि पाय तिथेच राहिला. मी मान वर करून दुर्बिणीला डोळा लावला. मला उलटी होत असताना एका मोठ्या लाटेने जहाजाचं तोंड फिरवलं होतं. जाड्या जिवाच्या आकांताने चाक उलटं फिरवत होता. दुर्बिणीत लाल कापड नव्हतं. टगबोट होती. तिच्या दारात पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस एका हाताने चौकट धरून दुसऱ्या हातातला पेला सांभाळत होता.

मी पाय तसाच ठेवला.

वरून भोंग्यातून कप्तानांचा आवाज आला. “पुढची तोफ. दोन थापा पडलेल्या मी बघितल्या. गोळा का सुटला नाही?”

मी मागे वळून बघितलं. काकांचा हात अजून हवेतच होता. ते स्वतःच्या त्या हाताकडे असे बघत होते, जणू तो कोणी दुसऱ्याने त्यांच्या खांद्याला आणून लावलाय. मला कळलं. तो आदेश नव्हता. इतकी वर्षं आपल्यासमोर हाल सोसणाऱ्या पोरीला आज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तसं ओकताना बघून त्या माणसाचा हात आपोआप पुढे गेला होता. कोणाच्याही बापाचा जातो. आजारी लेकराच्या पाठीवरून फिरतो, तसा.

तोफेशेजारी वर कप्तानांशी बोलायची रबरी नळी असते, तिच्यात तोंड घालून मी ओरडले, “समोर टगबोट होती, साहेब. थाप कोणाचीही असो, मी सोडला नसता. उद्याही सोडणार नाही. कोठारात टाकायचं तर टाका.”

मग एक हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि काकांनी नळी आपल्याकडे ओढली. “थाप माझी होती,” ते म्हणाले. “आदेश नव्हता. माझा हात चुकला. पोरीची काही चूक नाही.”

एक लाट आली, आमच्यावर फुटली, निथळून गेली. पैलवानाने भरलेल्या तोफेकडे बघत तोंडावरचं पाणी पुसलं.

“सराव चालू ठेवा,” भोंगा म्हणाला.

जाड्याने तोफ निशाणावर आणली. काकांनी ओला हात विजारीला पुसला. एक थाप. मी डोळा लावला, पाय पायट्यावर. जहाज कलत गेलं, माझं पोट त्याच्याही पुढे गेलं, लाल कापड दुर्बिणीत वर चढत आलं आणि थबकलं. दोन थापा. मी पाय दाबला. धूर वाऱ्याने फाडून नेला तेव्हा तराफ्यावर नुसत्या फळ्या उरल्या होत्या. जाड्या काही तरी ओरडत होता. मला ऐकू आलं नाही, कारण मी परत बादलीत होते.

संध्याकाळी बांधाच्या आत शिरलो. कप्तानांनी आधी काकांना बोलावलं. ते बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा म्हणाले, “आता सगळ्या तोफांवर जाऊन ही चूक समजावून सांगायची, असं ठरलंय. माझी म्हणून सांगायची.” मग मला आत पाठवलं.

“आदेश चुकला नाही, कारण आदेश नव्हता,” कप्तान म्हणाले. “पण उलटी करताना तुझा पाय कुठे होता?”

मी दांड्याचं सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

“माझं मत बदललेलं नाही,” बाई म्हणाल्या. “हिने दर तासाला मीठ-साखरेचं पाणी प्यायलाच हवं. तोफेवरसुद्धा.”

“पिईन,” मी म्हटलं. “आणि ओकेन.”

“कोठारात जा,” कप्तान म्हणाले. माझे कान तापले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “तिथून एक चांगला जाड आकडा घेऊन ये. ती बादली सुतळीने बांधलेली बरी दिसत नाही. बैठकीला कायमचा जोडून घे. आणि त्या इस्त्रीला शेजारी बसवून पाय मागे घ्यायला शिकव. त्याचीही उलटी कधी तरी निघेलच.”

डेकवर आले तर काका एकटेच तोफ बांधत होते. गोळे खाली गेले होते, नळी पुसून झाली होती, तोंडाला झाकण बसलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“पोरी, आज माझ्या हातून माणूस गेला असता,” ते म्हणाले.

“गेला नाही ना.”

“तू थांबलीस म्हणून.”

मी माझ्या बैठकीवर जाऊन बसले. रिकाम्या तोफेवर, बांधलेल्या जहाजावर. पाय दांड्यामागे घेतला आणि त्यांच्याकडे पाठ केली.

“तोफ रिकामी आहे, काका,” मी म्हटलं. “आता ठेवा हात.”

मागे दोर खाली टाकल्याचा आवाज आला. मग तो खरखरीत पंजा माझ्या पाठीवर आला आणि हळूहळू, वरून खाली, फिरत राहिला.