माफ करणारे मास्तर

कुरुळीच्या तुरुंगात जागा मिळावी म्हणून पोरं माझ्या शाळेत चोऱ्या करत. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला येत नसे.

चौसष्ट साली आमच्या टापूनं, म्हणजे पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या गावांनी, सरकार विसर्जित केलं आणि मोकळं राज्य मांडलं. कर नाही, सक्ती नाही. शाळा ज्याला चालवायची त्यानं चालवावी, तुरुंगही. कायदा म्हणाल तर एकच: फिर्यादी नाही तर गुन्हा नाही. ज्याचं नुकसान झालं त्यानं पंचांपुढे फिर्याद केली तरच गुन्हेगार आत जायचा, आणि कुठल्या तुरुंगात जायचं ते त्याचं तोच ठरवायचा.

सगळे कुरुळी म्हणायचे. तो तुरुंग प्रभाकरचा. माझा वर्गमित्र, मी त्रैराशिक घोटून घेतलं तेव्हा कुठे वरच्या वर्गात सरकलेला. बंद पडलेल्या कारखान्याची शेड त्यानं घेतली, आयत्या बिळावर नागोबा, आणि कैद्यांना लेथ, वेल्डिंग, नकाशे वाचणं शिकवायला लागला. मुदत संपली की स्कूटरच्या कंपनीचा माणूस फाटकाशी हजर! माझ्या आकुर्डीच्या शाळेत संस्कृत होतं, भूगोल होता, कवायत होती. फाटकाशी चिटपाखरूही नसायचं. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला सांगू?

एकदा चिमाबाई पोराचा कान धरून आली.

"मास्तर, ह्यानं तुमची खुर्ची मोडली. फिर्याद करा."

"मुलं आहेत, चालायचंच. माफ केलं मी."

"आवो, पाया पडते तुमच्या! हितं ह्यो नुसता रामः रामौ करतुय. तिथं गेला तर हाताला काम तरी लागंल."

"चिमाबाई, माझी काही तक्रार नाही."

कपाळावर हात मारून ती गेली. गावात मात्र कौतुक झालं. मास्तर म्हणजे देवमाणूस, कुणावर फिर्याद म्हणून करत नाहीत. कसला देवमाणूस! माझा विद्यार्थी त्या प्रभाकरच्या पदरात पडू द्यायचा नव्हता, एवढंच.

पोरं माझ्याहून हुशार निघाली. इथे डाळ शिजत नाही म्हटल्यावर त्यांनी वाण्याच्या दुकानात हात मारला. वाण्यानं फिर्याद केली, पोरं नाचत कुरुळीला गेली. अकरावीच्या वर्गात शेवटी एकटी पद्मा उरली, माझी मुलगी. परक्याच्या वस्तूला ती हात लावणार नाही, याची मला खात्री होती. तसे संस्कारच होते.

मग एक दिवस शाळेची पितळी घंटा गेली. तासाभरात प्रभाकर स्कूटरवरून दारात आला. मागे पद्मा, तिच्या मांडीवर घंटा.

"सदा, ही घंटा घेऊन आली आणि आत घ्या म्हणते. तुझी फिर्याद असल्याशिवाय मी घेत नसतो."

चोरीचा माल आणि माझी पोर, दोन्ही यानं सरळपणानं आणून दिलं. मला त्याचा सरळपणाच जास्त झोंबला. नालायक असता तर किती बरं झालं असतं!

"माझी फिर्याद नाही. पोरीला माफ केलं."

"बाबा," पद्मा म्हणाली, "याला माफ करणं म्हणत नाहीत. कोंडून ठेवणं म्हणतात."

मी घंटा उचलली आणि होती तिथे टांगली.

त्यानंतर ती रोज वेळेवर वर्गात यायची. विचारलं तर उत्तर बिनचूक, पण नजर बाहेर चाकणच्या रस्त्यावर. घरी माझं ताट वाढायची आणि आत निघून जायची. आई नसलेली पोर ती. आम्हां दोघांना गप्पांशिवाय जेवण जात नसे. आता आमटी भुरकल्याचा आवाज माझा मलाच ऐकू यायचा. हजेरी घेताना एकदा ती "हजर" म्हणाली, तर कैद्यानं हजेरी द्यावी तसं वाटलं मला. मी खडू ठेवला आणि पंच उद्धवरावांकडे जाऊन फिर्याद केली. मुदत मागितली एका महिन्याची. म्हटलं, हाताला फोड आले की येईल बापाकडे.

शिक्षा नीट चालली आहे ना, हे बघायचा फिर्यादीला हक्क होता. पहिल्याच रविवारी गेलो. मुलींच्या कामावर देखरेख करणाऱ्या कुसुमताई मला आत घेऊन गेल्या. पद्मा लेथपुढे उभी होती, केस रुमालात बांधलेले, कोपरापर्यंत ग्रीस. मला बघून खळखळून हसली. किती दिवसांनी!

"बाबा, हे बघा." घंटेच्या आत लोंबतो तो गोळा तिनं नवा करून ठेवला होता. "आपला झिजलाय ना? प्रभाकरसरांनी शिकवलं."

सर! मी तिला ग म भ न शिकवलं, तर मी नुसता बाबा.

"बाबा, एक मागू? फिर्यादी आणि कैदी दोघं राजी असले तर मुदत वाढते. वर्षभर वाढवता?"

सुटका मागणारे कैदी सगळ्या जगात असतील. माझी मुलगी माझ्यापासून वर्षभर लांब राहायची परवानगी मागत होती, तीही लाडानं. मी "हो" म्हटलं. ती पुन्हा हसावी म्हणून म्हटलं.

बाहेर आलो तर पलीकडच्या खोलीत वर्ग भरलेला. दाटीवाटीनं बसलेली पोरं, त्यांत चिमाबाईचं ते कार्टंही, आणि प्रभाकर फळ्यावर त्रैराशिक मांडत होता. माझं त्रैराशिक, माझ्याच पद्धतीनं! पोरं कानांत प्राण आणून ऐकत होती. माझं डोकंच फिरलं. अंगणातला धोंडा उचलला आणि खिडकीवर भिरकावला. काच खळ्ळकन फुटली. सगळी डोकी माझ्याकडे वळली. इतके डोळे एका वेळी माझ्याकडे बघताहेत, असं कैक वर्षांत झालं नव्हतं.

प्रभाकर बाहेर आला.

"नुकसान केलंय तुझं," मी म्हटलं. "फिर्याद कर. मी कुरुळीच निवडणार आहे."

त्यानं काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्यावर हात ठेवला.

"छे रे सदा. तुझ्यावर कसली फिर्याद? माफ केलं."

आणि मला बाहेर जाता यावं म्हणून त्यानं स्वतः फाटक उघडून धरलं.